खेड्याशी बोलणारा लेखक : व्यंकटेश माडगूळकर



व्यंकटेश माडगूळकर यांच्या जन्माला २०२७ साली शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने त्यांच्याविषयी चार शब्द बोलावेत असे मला सुचविण्यात आले, तेव्हा प्रथम थोडा संकोच वाटला. 'बनगरवाडी'चे आणि 'माणदेशी माणसं'चे कौतुक विद्वानांनी पुष्कळ केले आहे. त्यात मी कोणती भर घालणार? पण श्रोते कोण आहेत हे कळल्यावर संकोच गेला. आपल्यापैकी कोणी ग्रामसेवक आहेत, कोणी शिक्षक, कोणी विस्तार अधिकारी, कोणी पंचायतीचे कारभारी. माडगूळकरांच्या चरित्रात एक ओळ हमखास आढळते : १९५५ ते १९८५ या काळात ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात होते. चरित्रकार ही ओळ लिहितात आणि पुढे पुस्तकांकडे वळतात. तीस वर्षे म्हणजे एका माणसाचा सगळा कर्ता काळ. तो त्यांनी खेड्यातल्या माणसाशी बोलण्यात घालविला आणि तेच आपलेही काम आहे. म्हणून आज त्या एका ओळीपाशी थोडे थांबावे असे मनात आहे.

माडगूळकरांचा जन्म १९२७ सालचा, गाव माडगुळे. आज ते सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. तेव्हा तो मुलूख औंध संस्थानात मोडत असे. माणगंगेच्या काठचा हा माणदेश पावसाने कायमचा रुसलेला प्रदेश. बाजरी पिकली तर पिकली. खिलार बैल आणि मेंढरांचे कळप हीच इथली दौलत. दुष्काळ आला की धनगराने मेंढरे घेऊन वाट धरावी आणि बाकीच्यांनी मुंबई गाठावी, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आता आटपाडीकडे पोहोचले आहे आणि डाळिंबाच्या बागाही उभ्या राहिल्या आहेत. परंतु माडगूळकरांनी पाहिलेला माणदेश कोरडा होता, आणि त्या कोरडेपणातली माणसांची ओल हाच त्यांच्या लेखनाचा विषय झाला.

औंध संस्थानाविषयी दोन शब्द सांगणे पंचायतीच्या मंडळींपुढे अगत्याचे आहे. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते आणि मोठे हौशी गृहस्थ. १९३९ साली त्यांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना अमलात आणली. गांधीजींचा सल्ला तिला लाभला होता आणि तिचा पाया होता ग्रामपंचायत. पंचायत राज्याचा हा प्रयोग स्वातंत्र्याच्या आठ वर्षे आधीचा आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली तीही याच संस्थानात. पुढे 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला तिच्यावरून कथा मिळाली. ती कथा व्यंकटेशरावांचे वडील बंधू ग. दि. माडगूळकर यांची. सांगायचे एवढेच की, ज्या भूमीत हे दोघे भाऊ वाढले ती पिकाला गरीब असली तरी कल्पनेला गरीब नव्हती.

व्यंकटेशरावांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उतरून कोवळ्या वयातच ते खेड्यातल्या शाळेत मास्तर झाले. नंतर स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, भूमिगत राहिले. त्या दिवसांवर पुढे त्यांनी 'कोवळे दिवस' ही कादंबरी लिहिली. तिच्या नावातच त्या वयाचा सगळा भाबडेपणा आणि धिटाई आहे. चित्रकला शिकण्यासाठी ते कोल्हापूरला गेले, मग पत्रकारी केली, मुंबईत चित्रपटांसाठी लिहिले. इंग्रजी त्यांनी वाचून वाचून स्वतःच पैदा केले. शाळेच्या दाखल्यावर माणसाची पारख करण्याची आपल्याकडे जी सवय आहे, तिच्यात हा माणूस कोठेच बसला नसता.

१९४९ साली 'माणदेशी माणसं' हे पुस्तक आले तेव्हा लेखक अवघा बावीस वर्षांचा होता. त्या पुस्तकाची नुसती अनुक्रमणिका पाहावी. धर्मा रामोशी, शिदा चांभार, मुलाण्याचा बकस, रामा मैलकुली, झेल्या. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या जुन्या मंडळींना मैलकुली कोण हे सांगावयास नको. मैलभर रस्त्याची देखभाल करणारा, खडी-मुरूम टाकणारा तो माणूस. सरकारी हजेरीपटावर त्याचे नाव असे आणि मराठी साहित्यात त्याची दखल नसे. त्यापूर्वी मराठी कथेत खेडे नव्हते असे मुळीच नाही. होते, पण बऱ्याचदा ते शहराने सुट्टीत पाहिलेले असे. पाटील करारी, पाटलीण सोज्ज्वळ, गडी विनोदी आणि विहिरीवर एक गाणे. माडगूळकरांनी हा नटवा संसार मोडला. त्यांनी त्या माणसांची कीव केली नाही आणि त्यांना देवही बनविले नाही. जवळच्या नातलगाविषयी बोलावे तसे, गुणदोषांसकट, ते त्यांच्याविषयी बोलले.

आणि हे सहज झालेले नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. माणदेशही त्यातून सुटला नाही. माडगूळकर कुटुंब खेड्यातले ब्राह्मण कुटुंब होते. त्या आगीवर त्यांनी पुढे 'वावटळ' ही कादंबरी लिहिली. ती लहानशी आहे, आवाज चढवीत नाही, कोणावर खटला भरीत नाही. ज्या गावाने आपल्याला वाढविले त्याच गावातून धूर निघताना पाहणे काय असते, एवढेच ती सांगते. मला वाटते, 'माणदेशी माणसं'चा प्रकाशनकाल ध्यानात ठेवून हे पुस्तक वाचले पाहिजे. आगीनंतर वर्षभरातच या तरुणाने रामोशी, चांभार, मुलाणी यांची ती आपुलकीची शब्दचित्रे वाचकांच्या हाती दिली. गावावरचा त्याचा जीव त्या आगीत जळाला नाही. सामाजिक सलोख्यावर आपण परिसंवाद भरवितो. त्यांतून ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली गेली तर बरे होईल.

आता १९५५ साल. पुण्याचे नभोवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. म्हणजे ते अजून रांगते मूल होते. १९५५ च्या रामनवमीपासून, १ एप्रिलपासून, त्या केंद्रावरून ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' सुधीर फडके यांच्या संगीतात आठवड्याला एक याप्रमाणे सुरू झाले आणि वर्षभरात छप्पन्न गीते प्रसारित झाली. घरोघर लोक रेडिओपुढे बसत. त्याच वर्षी त्याच केंद्रात धाकटे बंधू ग्रामीण विभागात दाखल झाले आणि त्याच वर्षी 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने निघाली. थोरल्याचे काम साऱ्या महाराष्ट्राला ऐकू येत होते. धाकट्याच्या वाट्याला आले ते बी-बियाणे, कंपोस्ट खत, मेंढरांचे रोग, सहकारी सोसायटी आणि बाजारभाव. लेखकाने याला शिक्षा मानले असते तरी कोणी नवल केले नसते. माडगूळकर तेथे तीस वर्षे राहिले.

त्या कामाचे स्वरूप काय होते हे समजण्यासाठी, ते रुजू झाल्यानंतर लगेच, १९५६ साली, पुणे केंद्रावरून झालेला एक प्रयोग पाहावा. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने तो केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत दीडशे खेडी निवडण्यात आली. प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे श्रोतामंडळ. एक अध्यक्ष, एक निमंत्रक आणि एक रेडिओ संच. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या अर्ध्या तासाचे असे वीस कार्यक्रम झाले. ऐका, चर्चा करा, कृती करा हे सूत्र होते. कार्यक्रम संपला की संच बंद करावयाचा आणि मंडळाने आपापसांत बोलावयाचे. निमंत्रकाने चर्चेचा अहवाल आणि शंका केंद्राकडे पाठवावयाच्या. केंद्राने पुढील एखाद्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे द्यावयाची. कॅनडात शेतकऱ्यांसाठी अशी मंडळे १९४१ पासून चालत होती, तेथून ही कल्पना घेतलेली होती.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ तिचे प्रमुख होते. मंडळे असलेली वीस गावे आणि मंडळे नसलेली वीस गावे त्यांनी तुलनेसाठी घेतली. मंडळे नसलेल्या त्या गावांपैकी काहींमध्ये रेडिओ होता, काहींमध्ये नव्हता. निष्कर्ष असा निघाला की, मंडळाच्या गावांत लोकांचे ज्ञान चांगलेच वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ते फारसे हलले नाही. म्हणजे प्रताप यंत्राचा नव्हता. ऐकल्यानंतर जे बोलणे झाले त्याचा होता. पुष्कळ मंडळांनी बोलण्यापुढे जाऊन निर्णय घेतले. कोठे विहीर खणली, कोठे जातिवंत वळू किंवा लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, कोठे बालवाडी निघाली. उणीवही सांगितली पाहिजे : मंडळांत बहुतेक सारे पुरुषच होते. १९५९ पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली. पुढे संख्या वाढली आणि जोम ओसरला, हे आपल्या अनेक योजनांचे होते तेच झाले.

ज्यांनी चावडीतला किंवा पंचायतीच्या कचेरीतला तो सामुदायिक संच पाहिला आहे, त्यांना हे चित्र आठवत असेल. बॅटरीवर चालणारी ती पेटी, तिची कुलपात ठेवलेली किल्ली, बाहेर कट्ट्यावर बसलेले घोंगडीवाले श्रोते. हा श्रोता कसा असतो? दिवसभर राबून आलेला, हातात तंबाखू, लक्ष अर्धे गोठ्याकडे. त्याला पान उलटून मागचे वाचता येत नाही. एक वाक्य निसटले की ते गेलेच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला कोणी शिकवू लागले आहे असा वास आला की तो उठून जातो.

येथे लेखकाची गरज लागते. एक साधा नमुना देतो. तो माझा आहे, माडगूळकरांच्या माथी मी तो मारीत नाही. 'पेरणीपूर्वी बियाण्यास बीजप्रक्रिया करण्यात यावी' असे आपण परिपत्रकात लिहितो. वाक्य शुद्ध आहे. पण त्यात करणारा कोणीच नाही. कोणी करावी? कशी? न केली तर काय होईल? तेच जर एका शेतकऱ्याने दुसऱ्याला सांगितले तर तो म्हणेल, 'आरं, पेरायच्या आधी बी औषधात घोळून घे, न्हाईतर मागच्या वानी निम्मं रान मोकळं राहील.' यात औषध आहे, वेळ आहे, मागच्या वर्षीचा तोटा आहे आणि बोलणाऱ्याची आस्था आहे. माहिती तीच. पहिले वाक्य कागदावर राहते, दुसरे रानात जाते.

ग्रामीण कार्यक्रमांत संवादाचा, गावगप्पांचा, छोट्या नाटिकांचा जो भरणा असे त्याचे कारण हेच. मात्र यात एक धोकाही आहे. 'न्हाय', 'व्हय' पेरले की खेडूत भाषा झाली असे समजून लिहिलेली पुष्कळ सोंगे आपण ऐकली आहेत. खेडेगावचा श्रोता त्यावर हसतो, पण ते हसणे लिहिणाराला. माडगूळकरांच्या गद्याकडे पाहिले तर बोलीचा त्यांनी किती काटकसरीने वापर केला हे दिसते. निवेदन साधे, प्रमाण मराठीत. माणूस तोंड उघडतो तेव्हाच त्याची बोली. वाक्ये आखूड. विशेषण क्वचित. त्यांनी हे गद्य नभोवाणीवर येण्यापूर्वीच कमावले होते, हे खरे. पण कानासाठी लिहिण्याच्या धंद्यात असे गद्य घेऊन येणारा माणूस मिळणे हे त्या विभागाचे भाग्य होते.

सरकारी नोकरीने लेखकाची धार जाते, असे एक मत आहे आणि त्याला पुरावेही पुष्कळ सापडतील. त्या काळात नभोवाणीने अनेक साहित्यिकांना निर्माते म्हणून बोलाविले. काही रमले, काही वेळापत्रकाला कंटाळून निघून गेले. पु. ल. देशपांडे हेही त्याच सुमारास नभोवाणीत होते आणि नंतर बाहेर पडले. माडगूळकरांच्या बाबतीत हिशेब मांडला तर काय दिसते? नोकरीच्या काळातच 'वावटळ' झाली, 'तू वेडा कुंभार', 'सती' आणि रंगभूमीवर गाजलेले 'पती गेले गं काठेवाडी' ही नाटके झाली, 'नागझिरा', 'करुणाष्टक' आणि 'सत्तांतर' झाली. नाटकांपैकी सगळीच मला सारखी आवडतात असे नाही. तेथे त्यांचा संयम कधी कधी प्रयोगाला अपुरा पडतो. पण नोकरीने लेखक संपला असे म्हणावयास जागा नाही. उलट, खेड्याशी रोजचा संबंध असल्यामुळे पुण्यात राहूनही त्यांचे खेडे आठवणीपुरते उरले नाही, असे मला वाटते.

शिक्षक मंडळींनी 'बनगरवाडी' पुन्हा एकदा काढून वाचावी अशी माझी विनंती आहे, आणि या वेळी ती आपल्या नोकरीच्या नजरेने वाचावी. मिसरूड न फुटलेला एक मास्तर धनगरांच्या वाडीत रुजू होतो. शाळेत पोरे नाहीत, कारण पोरे मेंढरांमागे आहेत. त्याने काय करावे? तो तक्रारअर्ज करीत नाही. तो प्रथम वाडीतल्या वृद्ध कारभाऱ्याकडे जातो. हळूहळू तो वाडीची पत्रे लिहितो, तंट्यांत पडतो, लोकांच्या विश्वासाला पात्र होतो आणि त्या विश्वासाचे ओझे काय असते तेही भोगतो. वाडीने मिळून तालीम बांधावी ही कल्पना तो काढतो, लोक श्रमाने ती उभी करतात आणि उद्घाटनाला प्रत्यक्ष संस्थानचे राजे येतात. श्रमदानाचे इतके खरे वर्णन मी कोणत्याही अहवालात वाचलेले नाही. कोण आले, कोण आले नाही, कोणी मोडता घातला, सारे त्यात आहे. शेकूजवळ एकच बैल असतो. दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जुवाला खांदा लावते. लेखक ते पाहतो आणि दोन वाक्यांत सांगून पुढे जातो. मग दुष्काळ येतो. मेंढरे मरतात, माणसे वाट धरतात, वाडी ओस पडते. मास्तराचे सगळे केलेले तेथेच राहते. विकासाच्या कामात असलेल्या माणसाला हा शेवट टोचतो, आणि टोचावा अशीच त्याची रचना आहे. या कादंबरीवर अमोल पालेकर यांनी १९९५ साली चित्रपट केला. तिची भाषांतरेही झाली. पण तिचे खरे वाचक मला वाटते या सभागृहात बसलेले आहेत.

त्यांच्या आयुष्याचा दुसरा मोठा नाद म्हणजे रान. तरुणपणी खांद्यावर बंदूक टाकून हिंडणारा हा माणूस पुढे दुर्बीण आणि चित्रांची वही घेऊन हिंडू लागला. भंडारा जिल्ह्यातल्या, आता गोंदिया जिल्ह्यात असलेल्या, नागझिऱ्याच्या अरण्यात ते मुक्काम ठोकून राहिले आणि १९७९ साली 'नागझिरा' हे पुस्तक दिले. त्यात वाघाची थरारक गोष्ट शोधणाऱ्याची निराशा होईल; पाणवठ्यावर गप्प बसून राहणाऱ्याची होणार नाही. याच मुलखात वनाधिकारी म्हणून काम केलेले मारुती चितमपल्ली यांनीही रानाचे लेखन मराठीत आणले. या दोघांमुळे मराठी वाचकाला झाडा-पाखरांची नावे कळू लागली. नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली जाहीर झाला. वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या झगड्यावर लिहिलेल्या 'सत्तांतर' या छोट्या कादंबरीस १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निवडणुकांच्या दिवसांत ती वाचताना काही सदस्यांना हसू येईल, काहींना येणार नाही.

माणूस कसा होता? स्नेही त्यांना तात्या म्हणत. ते हाडाचे चित्रकार होते. त्यांच्या पुस्तकांतून त्यांची रेखाचित्रे विखुरलेली आहेत आणि त्या रेषेतही त्यांच्या वाक्याचाच आखूडपणा आहे. हिंडण्याची, पाहण्याची, खाण्यापिण्याची, गप्पांची त्यांना मनापासून आवड. ऑस्ट्रेलियाला गेले तरी प्रवासवर्णनाला नाव दिले 'पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे'. माणदेशी माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काय पाहील, तर मेंढरे आणि त्यांना मिळणारा चारा! 'करुणाष्टक'मध्ये त्यांनी आपल्या आईचे, दारिद्र्यात मोठा संसार रेटणाऱ्या बाईचे, चित्र काढले आहे. आईवर लिहिताना भल्याभल्यांचा तोल जातो. येथे तो गेलेला नाही, आणि म्हणूनच वाचणाराचा जातो.

१९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद थोरल्या बंधूंकडे आले होते. दहा वर्षांनी, १९८३ साली, अंबाजोगाईच्या संमेलनात ते धाकट्याकडे आले. माणदेशातल्या एका खेड्यातल्या एकाच घरातून दोन अध्यक्ष निघाले. १९८५ साली ते निवृत्त झाले आणि ऑगस्ट २००१ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

नभोवाणीवरचे बोलणे वाऱ्यावर जाते. तीस वर्षांत त्या ग्रामीण विभागातून काय काय बोलले गेले याचा मोठा भाग श्रोत्यांच्या कानांपलीकडे कोठे राहिला असेल असे वाटत नाही. ज्यांनी ते कार्यक्रम ऐकले ती पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. आपापल्या गावी अशी माणसे असतील. श्रोतामंडळात कोण होते, संच कोणाच्या ताब्यात असे, कोणता कार्यक्रम ऐकून काय केले, हे शिक्षकांनी मुलांना त्यांच्याकडे पाठवून विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे. पंचायतीच्या जुन्या दप्तरात एखादा ठरावही सापडेल. यासाठी कोणत्याही योजनेची किंवा तरतुदीची वाट पाहावी लागत नाही.

मी पुष्कळ बोललो. अध्यक्षांनी दिलेली वेळ संपत आली आहे, आणि या कार्यक्रमाचा अधिक चांगला भाग अजून व्हावयाचा आहे. 'माणदेशी माणसं'मधील 'झेल्या' ही कथा, शाळेत न रमणाऱ्या एका पोराची आणि त्याच्या तरुण मास्तराची, येथील शाळेतील एक शिक्षिका आता वाचून दाखविणार आहेत. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या मुलांना पुढे बसू द्यावे.